‘वॅट तेवढेच आहेत’ असे कंत्राटदार म्हणतो तेव्हा

पत्र : महोदय, मी म्हापशात राहते. इंटिरिअर डिझाइनची पदविका घेऊन गेली चार वर्षे स्वतंत्रपणे प्रकाशयोजनेची कामे करते. सध्या मांद्र्याला एका जुन्या घराचे बारा खोल्यांच्या हॉटेलात रूपांतर चालू आहे. आर्किटेक्ट पणजीचे असून त्यांच्यामुळेच हे काम मला मिळाले. मी निवडलेले दिवे बाजूला ठेवून विद्युत कंत्राटदाराने परस्पर दुसरे आणले. दिवाणखान्यातले दिवे डिमिंगचे, म्हणजे कमी-जास्त करता येण्याजोगे, नाहीत, आणि बागेत समुद्राच्या बाजूला मी अंबर (नारिंगी-पिवळ्या) रंगाचे सहा बोलार्ड, म्हणजे बुटके खांब-दिवे, सांगितले होते, तिथे वॉर्म व्हाइट बसले आहेत. “वॅट तेवढेच आहेत, रंगही पिवळाच आहे,” असे कंत्राटदार म्हणतो, आणि आर्किटेक्टही आता “चालवून घ्या” म्हणतात. माझी ड्रॉइंग साइटवर पोचली तेव्हा भिंतींतले पाइप बुजवून झाले होते हे खरे, पण मला कामावर घेतलेच उशिरा. दुसरी अडचण पैशांची. मालकांचे म्हणणे असे की दुकानदार डिझाइन फुकट करून देतो, मग वेगळी फी कशाला? त्यामुळे माझी फी नाममात्र आहे. पुरवठादार मला बिलावर काही टक्के देतो, त्यावर माझे भागते. हे मालकांना किंवा आर्किटेक्टना ठाऊक नाही. ऑक्टोबरमध्ये हॉटेल सुरू व्हायचे आहे. मी लेखी तक्रार करावी, की काम सोडावे? — म्हापशाची एक वाचक

स. न. वि. वि.

तुम्ही दोन अडचणी वेगवेगळ्या मांडल्या आहेत. पत्र दोनदा वाचल्यावर मला त्या एकच वाटल्या. दिवे बदलले गेले याचे दुःख तुमच्या पत्रात जागोजाग आहे, मात्र ‘मी लेखी नकार दिला’ असे वाक्य त्यात कुठेच नाही, आणि ते का नाही याचे उत्तर दुसऱ्या अडचणीत आहे. ज्या पुरवठादाराचे दिवे तुम्ही निवडले तोच तुम्हाला टक्केवारी देणार होता, त्यामुळे त्या दिव्यांसाठी भांडायला उभे राहताना तुमचा आवाज आपोआप खाली आला असावा. मालकांना आणि आर्किटेक्टना हे ठाऊक नाही असे तुम्ही म्हणता. गोव्यातला दिव्यांचा बाजार केवढासा आहे, हे तुम्हीही जाणता. पणजी, म्हापसे आणि मडगावची ठरावीक दुकाने, त्यांचे ठरावीक विक्रेते, आणि त्यांच्याच काउंटरवर चहा पिणारे आपण सगळे. तुमच्या कंत्राटदाराला ते ठाऊक आहे असे समजूनच चाला. त्याने परस्पर दिवे बदलण्याचे धाडस केले, त्यामागे ‘ही बाई फार ताणणार नाही’ हा हिशोब असू शकतो.

पैशांकडे मी पुन्हा येईन. आधी कामाचे पाहू, कारण तुमची तांत्रिक बाजू भक्कम आहे आणि ती तुम्ही पुरेशी मांडलेली दिसत नाही.

‘वॅट तेवढेच आहेत’ या वाक्यात खोटे काही नाही, फक्त त्याचा प्रकाशाशी फारसा संबंध नाही. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो. तो किती प्रकाश देतो हे ल्युमेनमध्ये मोजतात, आणि तो प्रकाश कोणत्या दिशेला किती एकवटतो हे कॅन्डेलामध्ये. उदाहरणादाखल १० वॅटचे, ९०० ल्युमेनचे दोन दिवे घ्या. एकाचा झोत २४ अंशांचा आहे आणि मध्यभागी त्याची तीव्रता ३६०० कॅन्डेला भरते. दुसऱ्याचा झोत ६० अंशांचा आहे आणि मध्यभागी तो जेमतेम ९०० कॅन्डेला देतो. दोन्ही ३ मीटर उंचीवरून खाली टेबलावर टाकले, तर कॅन्डेलाला अंतराच्या वर्गाने, म्हणजे ९ ने, भागायचे. पहिल्याखाली ४०० लक्स (पृष्ठभागावर पडणारा प्रकाश मोजण्याचे एकक) पडतील, दुसऱ्याखाली १००. वीज तेवढीच, ल्युमेन तेवढेच, आणि टेबलावरचा प्रकाश चौथ्या हिश्श्यावर आला. उरलेला प्रकाश कुठे गेला? भिंतींवर, जमिनीवर आणि समोर बसलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांत. हा हिशोब कंत्राटदारासमोर कागदावर मांडा. आकडे त्याला तुमच्याइतकेच कळतात, आजवर ते कोणी त्याच्यापुढे ठेवले नसतील इतकेच.

‘रंगही पिवळाच आहे’ हे मात्र साफ चूक आहे, आणि मांद्र्यात ही चूक महागात पडते. वॉर्म व्हाइट एलईडीच्या पोटात निळी चिप असते. तिच्यावरचा फॉस्फरचा थर निळ्या प्रकाशाचा बराच भाग पिवळ्या-तांबड्यात बदलतो, पण साधारण ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा काही निळा अंश तसाच बाहेर पडतो. आपल्या डोळ्यांना एकूण मिश्रण उबदार पिवळे दिसते. कासवाच्या पिल्लाला त्यातला निळा दिसतो. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात. वाळूतून बाहेर पडलेली पिल्ले रात्रीच्या अंधारात जिकडे क्षितिज अधिक उजळ असेल तिकडे सरपटत निघतात. निसर्गतः ती उजळ बाजू समुद्राची असते. हॉटेलाच्या बागेत सहा बोलार्ड लागले की ती जमिनीची होते. म्हणून अशा ठिकाणी ५६० नॅनोमीटरपेक्षा जास्त तरंगलांबीचा प्रकाश वापरतात, आणि अस्सल अंबर एलईडी ५९० च्या आसपास असते. तेवढ्यानेही भागत नाही. दिवा बुटका हवा, त्याला समुद्राच्या बाजूने आडोसा हवा, आणि वाळूत उभे राहून पाहिले असता त्याचा प्रकाशणारा भाग दिसता कामा नये. तुम्ही अंबर सांगितले होते हे तुमच्या समजुतीचे द्योतक आहे. मात्र ते का सांगितले हे तुमच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे दिव्यांच्या यादीत, एका ओळीत लिहिले होते का? लिहिले नसेल तर कंत्राटदाराला ती एका हौशी डिझायनरची आवड वाटली असेल, आणि आवड बदलण्यात कोणालाच फारसे काही वाटत नाही.

आता तुमच्या बाजूची चूक. दिवाणखान्यातल्या डिमिंगचे खापर तुम्ही कंत्राटदाराच्या माथी मारले आहे, आणि मला त्यात त्याची बाजू अधिक खरी वाटते. तुम्ही डालीवर, म्हणजे दिव्यांच्या डिजिटल नियंत्रणाच्या पद्धतीवर, चालणारे ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणाऱ्या पेट्या) सांगितले असणार. डालीच्या प्रत्येक ड्रायव्हरला फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांखेरीज नियंत्रणाच्या आणखी दोन तारा लागतात, म्हणजे एकूण पाच. तुमची ड्रॉइंग पोचण्यापूर्वी जांभ्याच्या भिंतींत खाचा मारून, पाइप टाकून, नेहमीप्रमाणे तीन तारा ओढून तो मोकळा झाला होता. वर गिलावाही झाला. अशा वेळी तुमचे ड्रायव्हर आणून त्याने ते कोणत्या तारांना जोडायचे? त्याने साधे दिवे आणले ते तुम्हाला न विचारता, हा त्याचा दोष. साधे दिवे आणावे लागले हा मात्र वेळापत्रकाचा दोष आहे, आणि वेळापत्रक कोणी ठरवले याची चौकशी आता करून उपयोग नाही. उपाय अजून आहेत. पाइप २५ मिलिमीटरचे असतील तर जुन्या तारेच्या टोकाला बांधून नव्या दोन तारा बहुधा ओढता येतील. २० चे असतील आणि वाटेत दोन-तीन वळणे असतील तर तो नाद सोडा. दुसरा मार्ग फेज-कट डिमिंगचा, म्हणजे विजेच्या लाटेचा काही भाग कापून दिवा मंद करण्याचा. ते आहे त्याच तारांवर चालते. पण जुन्या धाटणीच्या डिमरला ठरावीक किमान भार लागतो आणि एलईडीचा भार तेवढा भरत नाही, त्यामुळे दिवे लुकलुकतात. म्हणून जो डिमर बसणार तोच आणि जो ड्रायव्हर बसणार तोच, आणि एका डिमरवर जितके दिवे येणार तितकेच दिवे, असे टेबलावर जोडून पाहिल्याशिवाय खरेदी करू नका. ब्लूटूथवरचे नियंत्रण हा तिसरा मार्ग आहे. जुन्या घराच्या जाडजूड जांभ्याच्या भिंतींत संदेश अडतो, तेव्हा तो एका दालनापुरता ठेवलेला बरा.

कंत्राटदाराची बाजू मी घेतो त्यामागे एक जुनी गोष्ट आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी बार्देश तालुक्यातल्या एका बंगल्याच्या बागेत मी आयपी ६७ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचे मानांकन) चे बोलार्ड लावून घेतले होते. पहिल्याच पावसाळ्यात आठांपैकी पाच बंद पडले. मालकांच्या दिवाणखान्यात बैठक बसली आणि मी सगळ्यांसमोर सांगून टाकले की वायरमनने झाकणे नीट आवळली नाहीत. वायरमन साठीचे गृहस्थ होते. ते काही न बोलता मला बाहेर घेऊन गेले, एक बोलार्ड उघडला आणि माझ्यापुढे उलटा केला. आतून त्यांच्या ओंजळीत पाणी पडले. रबरी कडे मात्र कोरडे होते, स्क्रूही घट्ट होते. मग त्यांनी चाकूने तारेचे आवरण चिरले. आत तांब्याचे धागे हिरवे पडले होते, वीतभर आतपर्यंत. दिवा रात्री तापतो, विझला की आतली हवा आकसते आणि ती बाहेरची ओल आत खेचते. झाकण बंद असल्यामुळे ती ओल तारेच्या धाग्यांमधल्या फटींतून आली होती, कारण जमिनीखालचा जोड ज्या डबीत होता त्या डबीतच पाणी साचले होते. ती डबी सखल जागी बसवायला मीच ड्रॉइंगमध्ये दाखवली होती. तेव्हापासून जोडाच्या डबीत जेल भरायचे, तार दिव्यात खालून घ्यायची आणि आत शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ ठेवायचा, हे माझ्या ड्रॉइंगवर छापील असते, आणि ड्रॉइंग साइटवर जाण्यापूर्वी एकदा वायरमनला दाखवतो. आयपीचा आकडा धूळ आणि पाणी यांच्यापुरता असतो, खाऱ्या हवेबद्दल तो काही सांगत नाही, हेही त्याच पावसाने शिकवले. ॲल्युमिनियमच्या अंगात स्टीलचे स्क्रू बसवले की किनाऱ्यावर त्या सांध्याभोवती पांढरी भुकटी धरते आणि पुढच्या वर्षी स्क्रू फिरतच नाही. मांद्र्याला बाहेरच्या दिव्यांचे स्टील ३१६ प्रतीचे मागा. ३०४ दुकानात चकचकीत दिसते, समुद्राजवळ डाग धरते.

त्या बैठकीनंतर मी त्या वायरमनची माफी मागितली ती एकांतात. आरोप सगळ्यांसमोर केला होता, तेव्हा माफीही तशीच मागायला हवी होती, हे मला फार उशिरा सुचले.

पुढच्या कामांत हे टाळायचे असेल तर कामावर कधी यायचे, हा प्रश्न फीपेक्षाही आधी सोडवावा लागतो. अमेरिकेत फोर्ट वर्थला १९७२ साली उघडलेल्या किम्बेल कलासंग्रहालयात वास्तुरचनाकार लुई कान यांच्या कमानदार छतांच्या माथ्यावरच्या फटीतून ऊन आत येते. त्या फटीखाली टांगलेले सच्छिद्र ॲल्युमिनियमचे परावर्तक ते ऊन काँक्रीटच्या छतावर परत फेकतात, आणि राखाडी काँक्रीट चंदेरी दिसते. ते परावर्तक रिचर्ड केली या प्रकाशयोजनाकाराचे काम. इमारतीचे डिझाइन चालू असतानाच केली टेबलावर होते म्हणूनच ते जमले. आपली कामे त्या तोलाची नसतात, तरी नियम तोच. तुमच्या मांद्र्याच्या घराचेच घ्या. जांभ्याची उघडी भिंत असेल तर तिच्यालगत, वीतभर अंतरावरून, प्रकाश घासत सोडला की दगडाचे एकेक भोक जिवंत होते. तोच दिवा चुन्याच्या गिलाव्यालगत लावला तर थापीचा प्रत्येक फटकारा सावली टाकतो आणि मालक गवंड्यावर ओरडतात. गिलाव्याला दिवा दूर हवा, भिंतीच्या उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याइतका तरी, म्हणजे प्रकाश भिंतीला धुऊन काढतो आणि उणिवा बुजतात. कोणती भिंत उघडी राहणार आणि कोणती लिंपली जाणार, हे आर्किटेक्ट फार आधी ठरवतात. त्या दिवशी तुम्ही खोलीत नसलात तर नंतर तुमच्या हाती फक्त कॅटलॉग उरतो. शिंपल्यांची तावदाने असलेल्या खिडक्यांचेही तसेच. दिवसा त्यांतून आत येणारा दुधी उजेड आपण जपतो. रात्री बाहेरून तेच तावदान उजळावे असे वाटत असेल तर दिवा आत चौकटीजवळ हवा, आणि चौकटीजवळ तार हवी, आणि ती तार सुताराच्या आधी हवी.

म्हणून पुढच्या वेळी नियुक्तीच्या पत्रात एकच गोष्ट आवर्जून घाला: भिंतीत पहिली खाच मारण्यापूर्वी दिव्यांच्या जागा आणि तारांची संख्या दाखवणारे ड्रॉइंग तुमच्या सहीने जाईल, आणि त्यासाठी तुम्हाला अमुक दिवस आधी आर्किटेक्टचे छताचे ड्रॉइंग मिळेल. छताच्या ड्रॉइंगवर एसीच्या जाळ्या, स्प्रिंकलर, धुराचे संवेदक, स्पीकर आणि तुमचे दिवे एकाच कागदावर यावेत आणि तो कागद आर्किटेक्टच्या ताब्यात असावा. दोन सल्लागारांनी दोन वेगळे कागद धरले की फॉल्स सीलिंगवाला आपल्या सोयीचा धरतो.

आता टक्केवारी. तुम्हाला गुन्हेगार ठरवण्याचा माझा उद्देश नाही. आपल्याकडे आर्किटेक्टला १९७२ च्या कायद्याने नोंदणी आहे आणि १९८९ च्या व्यावसायिक वर्तनाच्या नियमांनी काम मिळवण्यासाठी कमिशन देण्या-घेण्यास त्याला मनाई आहे. प्रकाशयोजनाकाराला अशी कायदेशीर नोंदणीच नाही, त्यामुळे त्याच्यावर हे नियम लागू होत नाहीत. प्रकाशयोजनाकारांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएलडी १९६९ साली स्थापन झाली, आणि जो दिवे विकत नाही त्यालाच ती व्यावसायिक सदस्यत्व देते. पण ती बंधने तिच्या सदस्यांपुरती. तेव्हा तुम्ही यांतला कोणताही नियम मोडलेला नाही. तुम्ही मोडला तो मालकांचा समज, की ही बाई आपल्या बाजूने निवड करते आहे. टक्केवारीचे पैसेही शेवटी त्यांच्याच बिलातून येतात; दुकानदार ते स्वतःच्या खिशातून देत नाही.

इथे दोनच रस्ते स्वच्छ आहेत. पहिला, फक्त डिझाइनची फी घ्या आणि पुरवठादाराकडून मिळणारी सवलत जशीच्या तशी मालकांच्या बिलात उतरवा. दुसरा, उघडपणे ‘डिझाइन आणि पुरवठा’ असे काम करा, दिव्यांच्या किमतीत तुमचा नफा आहे हे कोटेशनवर लिहा, आणि वॉरंटीची जबाबदारीही घ्या. दुसऱ्या रस्त्यात कमीपणा काही नाही. गोव्यात आणि गोव्याबाहेरही अनेक चांगले लोक असेच काम करतात, आणि पाच वर्षांनी ड्रायव्हर जळाला तर फोन उचलतात. अडचण आहे ती आज तुम्ही जिथे उभ्या आहात त्या मधल्या जागेची. तिथून पुरवठादाराचे बोलणे मालकांना सांगता येत नाही आणि मालकांचे पुरवठादाराला सांगता येत नाही. या कामात ठरलेली टक्केवारी अजून हातात आलेली नसेल तर पुरवठादाराला सांगा की ती मालकांच्या बिलातून सवलत म्हणून वजा करावी, आणि तसे मालकांना एका साध्या पत्राने कळवा. हातात आली असेल तर आर्किटेक्टना आधी प्रत्यक्ष भेटून सांगा. ते रागावतील. कदाचित तुम्हाला पुढचे काम देणारही नाहीत, आणि हा धोका मी लपवत नाही. मात्र बाहेरून कळल्यावर ते जेवढे रागावतील त्यापेक्षा कमीच रागावतील.

‘दुकानदार फुकट करून देतो’ याला मालकांपुढे वाद घालू नका. दुकानदाराचे डिझाइन बहुतेक वेळा वाईटही नसते. डायलक्स या प्रकाशाचे गणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्यानेही गणित केलेले असते. फक्त त्याच्या गणितात त्याच्याच गोदामातले दिवे असतात आणि ‘इथे दिवा नको’ हे वाक्य त्याच्या तोंडून येऊ शकत नाही. मालकांना तुमच्या ड्रॉइंगमधून तुम्ही काढून टाकलेले दिवे मोजून दाखवा. जुन्या घरात अंधाराचे कोपरे जपण्याचे पैसे दुकानदार घेत नाही, कारण ते काम तो करत नाही. मंगेशीच्या दीपस्तंभाच्या शेजारी फ्लडलाइट लावला तर त्यावरच्या पणत्या कोणाला दिसतील?

तक्रारीचे पत्र लिहू नका, काम सोडू नका. पत्र गेले की आर्किटेक्टना कंत्राटदार आणि तुम्ही यांच्यात निवड करावी लागेल. हॉटेल ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायचे असताना ते कंत्राटदाराला निवडतील, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केले असते. त्याऐवजी एक संध्याकाळ मागा. दिवाणखान्याच्या एकाच भिंतीवर एका बाजूला तुम्ही सांगितलेला दिवा आणि दुसऱ्या बाजूला बसवलेला, दोन्ही एकाच उंचीवर, एकाच अंतरावर. खोलीतले बाकी सगळे दिवे बंद. आर्किटेक्ट, मालक आणि कंत्राटदार तिघेही हवेत, आणि शिडी धरायला एक मुलगा. लक्समीटर न्या, पण तो खिशात ठेवा, विचारले तरच काढा. पहिली पाच मिनिटे तुम्ही काहीच बोलू नका. माझा अनुभव असा की मालकांचा चेहरा दुसऱ्या दिव्याखाली कसा दिसतो हे मालकीणबाई सगळ्यांत आधी बोलून दाखवतात. आणि खरोखरच फरक दिसला नाही, तर बदललेला दिवा मोकळ्या मनाने मान्य करा. तो स्वस्त असेल तर मालकांचे पैसे वाचले, आणि पुढचा नकार तुम्ही द्याल तेव्हा तो कोणी हट्ट समजणार नाही.

कोणी दिव्यांत बदल मागितलाच नाही असे काम मी पाहिलेले नाही, त्यामुळे बदलासाठी एका पानाचा तक्ता आत्ताच करून ठेवा आणि तो निविदेला जोडत जा. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द आपण सगळेच सवयीने लिहितो आणि मग समतुल्य म्हणजे काय हे दुकानदार ठरवतो. तक्त्यात झोताचा कोन, मध्यभागीचे कॅन्डेला, रंगदर्शनाचा निर्देशांक (वस्तूंचे रंग दिव्याखाली किती खरे दिसतात तो आकडा), एका दिव्याचा रंग दुसऱ्याशी किती जुळतो त्याची पायरी, ड्रायव्हरचा प्रकार आणि डिमिंगची पद्धत, बाहेरच्या दिव्याला आयपी आणि धातूची प्रत, एवढे असले की पुरे. आयईएस फाइल (दिव्याचा प्रकाश कुठे किती पडतो याची मोजमापे) आणि एक नमुना याखेरीज बदलाचा अर्ज विचारात घेतला जाणार नाही, आणि उत्तर तुम्ही तीन दिवसांत द्याल, हेही त्यावर लिहा. हे तीन दिवस पाळणे तुमचे काम. उत्तराला दोन आठवडे लावणारा सल्लागार कंत्राटदाराला परस्पर खरेदी करायला स्वतःच शिकवत असतो.

फीच्या हप्त्यांबद्दल थोडेच सांगतो, कारण प्रत्येकाचे गणित वेगळे असते. मी शेवटचा हप्ता नेहमी फोकसिंगच्या रात्रीला बांधतो, आणि त्या रात्री किती हे पत्रात आकड्याने लिहितो. बारा खोल्या आणि बाग असेल तर तीन. प्रत्येक दिवा शिडीवर चढून हाताने वळवावा लागतो, खालून कोणीतरी ‘अजून थोडा डावीकडे’ म्हणावे लागते, आणि ते अंधार पडल्यावरच होते. ज्या कामात या रात्री मोजलेल्या नसतात, त्यात दिवे इलेक्ट्रिशियनने बसवले तसे सरळ खाली पाहत राहतात.

राहिली बाग. दिवाणखान्यासाठी त्या संध्याकाळची वाट पाहू शकता, बागेसाठी पाहू नका. मांद्र्याच्या वाळूत कासवे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत येतात आणि तुमचे हॉटेल त्याआधी महिनाभर उजळणार आहे. सहा अंबर बोलार्डांची मागणी आजच लेखी द्या, त्यात कारण दोन ओळींत लिहा, आणि पत्राची प्रत मालकांना द्या. किनाऱ्यावरच्या हॉटेलमालकाला सीआरझेड (किनारी नियमन क्षेत्र) आणि वन खाते हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. नवे दिवे येईपर्यंत बागेच्या त्या सर्किटचा एमसीबी (वीज तोडणारा खटका) खाली पाडून त्यावर चिठ्ठी चिकटवायला कंत्राटदारालाच सांगा. आणि अंधार पडल्यावर एकदा स्वतः वाळूत उतरून, अगदी खाली बसून, हॉटेलाकडे पाहून या. वरच्या मजल्याच्या गॅलरीतला एखादा दिवा तिथून नक्की दिसेल, आणि तो तुमच्या शेड्यूलमध्येच असेल.